बाईंचा चेहरा वाचणारी मुले

प्रार्थना संपते, रांगा वर्गात शिरतात आणि बाई दारातून आत येतात. हजेरी अजून सुरू झालेली नसते. तेवढ्या दोन-चार क्षणांत चाळीस मुलांनी बाईंचा चेहरा वाचलेला असतो. पर्स टेबलावर ठेवली की आपटली, खडू उचलला की हातातच मोडला, पहिले नाव कोणत्या आवाजात पुकारले, यावरून आजचा दिवस कसा जाणार याचा अंदाज मुले बांधतात. मागच्या बाकावरची कुजबुज थांबते. गृहपाठ न केलेला एखादा मुलगा उगाचच दप्तरात डोके घालून काहीतरी शोधू लागतो. हे वाचन मुलांना कोणी शिकवलेले नसते, तरी त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

बाईंचा हा चेहरा मुलांच्या शरीरापर्यंत पोहोचतो का? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील एव्हा ओबर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-राइकल या दोन संशोधिकांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी प्राथमिक शाळांतले १७ वर्ग निवडले आणि चारशेहून अधिक मुलांच्या लाळेचे नमुने शाळेच्या वेळेतच गोळा केले. लाळेतून कॉर्टिसॉल मोजता येते. ताणाच्या वेळी अंगात स्रवणारे हे संप्रेरक. ते शत्रू नव्हे. सकाळी आपल्याला अंथरुणातून उठवून कामाला लावते तेही हेच. सकाळी त्याची पातळी जास्त असते आणि दिवस चढेल तशी ती उतरत जाते. ताण रोजचाच झाला की ही लय बिघडू लागते. दुसरीकडे त्याच वर्गांच्या शिक्षकांनी आपल्या थकव्याविषयीची प्रश्नावली भरून दिली. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या वर्गाचे शिक्षक अधिक थकलेले, कामाला उबगलेले होते, त्या वर्गातल्या मुलांचे सकाळचे कॉर्टिसॉलही अधिक होते.

या निष्कर्षाला एक मर्यादा आहे आणि ती संशोधिकांनी स्वतःच सांगितली आहे. शिक्षक थकले म्हणून मुलांवर ताण आला, की मुळातच ताणाखाली असलेल्या मुलांचा वर्ग वाट्याला आला म्हणून शिक्षक थकले, हे या अभ्यासातून सांगता येत नाही. कदाचित दोन्ही खरे असेल. चिडलेल्या बाईंसमोर मुले बिथरतात, बिथरलेली मुले बाईंना आणखी थकवतात, आणि हे रहाटगाडगे जूनपासून एप्रिलपर्यंत फिरत राहते. म्हणूनच ‘विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य’ आणि ‘शिक्षकांवरील ताण’ या दोन विषयांच्या वेगवेगळ्या फायली करणे चुकीचे आहे. ज्या खोलीत एक आजारी पडतो, त्याच खोलीत दुसरा दिवसभर बसलेला असतो.

शिक्षकांच्या या थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि आजही ती जगभर वापरली जाते. त्यांनी या अवस्थेच्या तीन बाजू सांगितल्या. पहिली, भावनेने रिते होणे: देण्यासारखे आत काही उरले नाही असे वाटणे. दुसरी, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणे: मूल मूल न वाटता हजेरीतला एक आकडा वाटू लागणे. तिसरी, आपल्या हातून काहीच होत नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आपल्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, पण आजार म्हणून केली नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था, अशी ती नोंद आहे. हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. मूळ जर कामाच्या रचनेत असेल, तर शिक्षकांना ‘सकारात्मक राहा’ असे व्याख्यान देऊन ते उपटले जाणार नाही.

आता जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतला एखादा मंगळवार डोळ्यांसमोर आणावा. सर पंचायत समितीत बैठकीला गेलेले. बाईंच्या हाती पहिली ते चौथी असे चारही वर्ग. पहिलीला अक्षरे गिरवायला देऊन त्या चौथीला भागाकार समजावतात, तेवढ्यात स्वयंपाक करणाऱ्या ताई तांदूळ काढून द्या म्हणून दारात उभ्या राहतात. पोषण आहाराची ऑनलाइन नोंद करायची आहे आणि रेंज व्हरांड्याच्या एका कोपऱ्यातच येते. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडलेला आहे: माहिती आज दुपारपर्यंत, तातडीचे. मतदारयादीचे काम संध्याकाळी घरोघर जाऊन करायचे आहे. या गडबडीत दुसरीतली एक मुलगी पदराशी येऊन म्हणते, “बाई, माझं पोट दुखतंय.” बाई म्हणतात, “बस जरा डोकं खाली ठेवून.” या मुलीचे पोट दर सोमवारी-मंगळवारी दुखते हे बाईंच्या लक्षात आलेले आहे. घरी काय चालले आहे हे तिला जवळ बसवून विचारायला हवे, हेही त्यांना कळते. ती दहा मिनिटे दिवसात कुठे बसवायची, एवढेच त्यांना कळत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणाव्यतिरिक्त कामाला जुंपता येत नाही. कायदा २००९ चा आहे. अशैक्षणिक कामांविरुद्ध शिक्षक संघटनांची निवेदने तेव्हापासून आजवर थांबलेली नाहीत.

कामाच्या या ओझ्याखाली आणखी एक ओझे असते आणि ते कुठल्याच नोंदवहीत येत नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये त्याला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. विमानातल्या सेविकांना प्रवासी कसाही वागला तरी हसतमुख राहावे लागते. ते हसू हा त्यांच्या पगाराचाच भाग असतो, असे हॉकशील्ड यांनी दाखवून दिले. शिक्षकाचेही तसेच. घरी सासरे दवाखान्यात असोत की बदलीची यादी लागलेली असो, पहिलीच्या वर्गात कविता म्हणताना बाईंना हातवारे करून आनंदानेच म्हणावी लागते. राग गिळायचा, कंटाळा लपवायचा, सहाव्यांदा विचारलेल्या प्रश्नाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखे उत्तर द्यायचे. यालाही ताकद लागते आणि ती रोज भरून यावी लागते.

सुदैवाने चेहऱ्यावरचा आनंदही असाच पसरतो. जर्मनीत अॅने फ्रेन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवी-आठवीच्या गणिताच्या वर्गांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शिक्षकांना शिकवण्यात खराखुरा आनंद वाटत होता, त्यांच्या वर्गातल्या मुलांनाही गणिताची गोडी अधिक होती, आणि दोहोंना जोडणारा दुवा होता शिक्षकाचा मुलांना दिसणारा उत्साह. गणितासारखा विषय घेऊन हे दाखवले म्हणून त्याचे मोल जास्त. आपल्याकडे गणिताच्या नुसत्या नावाने पोटात गोळा येणाऱ्यांची संख्या कमी नाही.

त्या गोळ्याचेही मोजमाप झालेले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २०२२ च्या सुरुवातीला देशभरातल्या सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही चिंतेची कारणे असल्याचे ८१ टक्के मुलांनी सांगितले. वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो असे सांगणारी मुले होती २८ टक्के. पहिल्या आकड्याच्या बातम्या झाल्या, दुसऱ्याची फारशी चर्चा झाली नाही. खरे तर दुसरा आकडा जास्त बोलका आहे. न समजलेला धडा विचारायला जे मूल कचरते, ते घरातली भांडणे, वर्गातली चिडवाचिडवी किंवा मनातली भीती कोणाला आणि कशी सांगणार?

या न सांगण्याची किंमत केवढी मोठी असू शकते, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातून दिसते. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. अशा मृत्यूमागे कधीही एकच कारण नसते. त्यामुळे कोणा एका शाळेवर, परीक्षेवर किंवा घरावर बोट ठेवणे बरोबर नाही. पण बोलायला जवळ माणूस असणे हा जगात सगळीकडे मान्य झालेला आधार आहे.

असा माणूस शाळेत नेमला तर काय होते, याचा एक मोठा प्रयोग बिहारच्या नालंदा जिल्ह्यात झाला. प्रयोग बिहारचा असला तरी तो करणारी संस्था गोव्याची. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या तुटपुंजी असलेल्या देशात साध्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून मानसिक आरोग्याचे काम करून घेता येते का, हा या संस्थेचा जुना ध्यास. त्याच विचारातून ‘सेहेर’ हा शालेय कार्यक्रम तयार झाला. सेहेर म्हणजे पहाट.

चिठ्ठ्या टाकून नालंदातल्या सरकारी माध्यमिक शाळांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटातल्या प्रत्येक शाळेत एक ‘सेहेर मित्र’ नेमला. तो मानसशास्त्राचा पदवीधर असण्याची अट नव्हती; त्याला प्रशिक्षण दिले होते आणि वर देखरेख होती. दुसऱ्या गटात शाळेतल्याच एका शिक्षकाला तसेच प्रशिक्षण देऊन तेच काम सोपवले. तिसऱ्या गटात नेहमीचा शासकीय किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम तेवढा होता. एकूण ७४ शाळा आणि नववीची सुमारे चौदा हजार मुले यात होती.

सेहेर मित्राचे काम नुसते खोलीत बसून समुपदेशन करण्याचे नव्हते. परिपाठाच्या वेळी तो एखाद्या विषयावर बोलायचा. शाळेत मुले, शिक्षक आणि पालक यांची समिती होती. मुलांचे गट होते, त्यांच्या कार्यशाळा होत. भित्तिपत्रक निघायचे. ज्यांना एकट्याने बोलायचे असेल त्यांच्यासाठी तो असायचाच. आणि एक पेटी होती. ज्या मुलाला तोंडाने सांगता येत नाही, त्याने कागदावर लिहून चिठ्ठी त्या पेटीत टाकायची. नाव घालायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे. तक्रारपेट्या आपल्याकडच्या शाळांतही भिंतीवर दिसतात. त्यांतल्या कितींचे कुलूप नियमाने उघडते, हे शाळेतल्या मुलांना विचारावे. पेटी उघडणारा, चिठ्ठी वाचणारा आणि त्यावर काही करणारा माणूस असला तरच पेटीला अर्थ येतो.

भित्तिपत्रकावरून मराठी वाचकाला अमळनेरची आठवण होईल. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढायचे. मुलांशी रोज काहीतरी बोलायचे, त्यांच्या जगातले बोलायचे, यासाठी एक शिक्षक रोज हाताने लिहीत होता. मोजमापाची साधने पुढे आली; मुलांच्या मनाशी धागा जोडायला हवा हे जाणणारी माणसे आपल्याकडे आधीपासून होती.

नालंदाच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ‘संगाथ’चे सचिन शिंदे हे त्याचे पहिले लेखक. आठ महिन्यांत सेहेर मित्र असलेल्या शाळांचे वातावरण सुधारले होते. शिक्षकांशी, मित्रांशी असलेले नाते, शाळा आपली वाटणे या गोष्टी मुलांनीच प्रश्नावलीतून सांगितल्या. नैराश्याची लक्षणे कमी झाली, दादागिरी आणि मारामारी कमी झाली. त्याच मुलांचा दहावीपर्यंत मागोवा घेतला तेव्हा परिणाम ओसरण्याऐवजी आणखी वाढलेला दिसला. तो अहवाल २०२० मध्ये आला. शालेय कार्यक्रमांच्या बाबतीत हे फार क्वचित घडते. उद्घाटनाचा नारळ वाढवून झाला की बहुतेक उपक्रमांचा जोर ओसरतो.

आणि जिथे हेच काम शिक्षकाकडे दिले होते, त्या शाळांत काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, प्रशिक्षण तेच, फळ मात्र शून्य.

इथे थांबून विचार करायला हवा, कारण हा निष्कर्ष ‘शिक्षक कामचुकार’ असा वाचला जाण्याची भीती आहे. तसा अर्थ काढणे अन्यायाचे ठरेल. सेहेर मित्राकडे दिवसभर हेच एक काम होते. शिक्षकाकडे ते तासिका, परीक्षा आणि नोंदवह्या सांभाळून वर चढवलेले काम होते. शिवाय जो सर पेपर तपासतो, उशीर झाला की दाराबाहेर उभे करतो आणि पालकांना बोलावणे धाडतो, त्याच्यापाशी मनातले दुखणे उघडे करायला नववीतला मुलगा बिचकणारच.

शिक्षकांना हे जमतच नाही असेही नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोसेफ डुर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या २१३ शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्यांत बालवाडीपासून बारावीपर्यंतची २,७०,०३४ मुले होती. भावना ओळखणे, राग आवरणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, मदत मागणे अशी कौशल्ये शिकलेल्या मुलांचे वागणे सुधारले, आणि अभ्यासातली कामगिरीही इतरांपेक्षा ११ शततमकांनी वर गेली. हे कार्यक्रम वर्गशिक्षकांनी घेतले तेव्हाही चांगले चालले होते. ज्या पालकांना ‘असल्या तासांत अभ्यास बुडतो’ असे वाटते, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. फरक कामाच्या मांडणीचा आहे. तासिकेत बसवलेला, धड्यासारखा शिकवता येणारा कार्यक्रम शिक्षक उत्तम घेऊ शकतो. पूर्णवेळ समुपदेशकाची जबाबदारी त्याच्या माथी मारली की दोन्ही कामे बिघडतात.

प्रत्येक चांगल्या वाटणाऱ्या उपक्रमाचा गुण येतोच असेही नाही. ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ नावाच्या मोठ्या प्रयोगात ८४ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांचा समावेश होता. मन वर्तमानात स्थिर ठेवण्याचे, म्हणजे माइंडफुलनेसचे धडे निम्म्या शाळांतल्या मुलांना देण्यात आले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीच्या शालेय कार्यक्रमापेक्षा मुलांना त्याचा जास्त फायदा झाला नाही. पण एक गोष्ट वेगळी घडली. धडे देण्याआधी शिक्षक स्वतः ते तंत्र शिकले होते, आणि त्या शिक्षकांचा बर्नआउट निदान काही काळ कमी झाला. मुलांसाठी काढलेले औषध शिक्षकांना लागू पडले! मोठ्यांनाच त्याची जास्त गरज होती, असा अर्थ यातून काढला तर फारसे चुकणार नाही.

आपल्याकडेही हालचाल सुरू आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांत जुलै २०१८ मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत बालवाडी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस’ अभ्यासक्रम सुरू झाला. त्याला रोजची स्वतंत्र तासिका मिळाली. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, कारण मुलांची झोप पुरी होत नव्हती. झोपेवरचा हा निर्णय मनःस्वास्थ्याचाच निर्णय आहे. त्याच वर्षी पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. शनिवार आनंदाचा झाला हे चांगलेच झाले. सोमवारी पोट दुखू नये यासाठी अजून बरेच करायचे आहे.

सर्वांत वजनदार पाऊल सर्वोच्च न्यायालयाने टाकले. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातल्या सर्व शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे सगळी त्यात येतात. १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचे. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत.

जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळांचा पट शंभराच्या आत आहे. त्यांच्यासाठी ‘बाहेरचा तज्ज्ञ’ तालुक्याच्या गावीही सापडणे कठीण. नालंदाचा धडा इथेच उपयोगी पडतो. पाच-सहा शाळांना मिळून एक प्रशिक्षित ‘मित्र’ देता येईल. पदवी झालेली, मुलांशी बोलण्याची हौस असलेली तरुण मुले-मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. फक्त ते काम पुन्हा गुरुजींच्याच माथी मारून कागदावर पूर्तता दाखवू नये, एवढे शिक्षण विभागाने पाळावे.

पालकांनीही येत्या पालकसभेत टक्केवारीची चौकशी झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाला काही सांगावेसे वाटले तर या शाळेत ते कोणाकडे जाऊ शकते? आणि बाईंना, सरांना या महिन्यात शिकवण्याखेरीज आणखी काय काय करावे लागले? दुसरा प्रश्न ऐकून समोरचा शिक्षक क्षणभर गप्प होईल. बहुधा तो प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसेल. आणि घरात मूल असो वा शिक्षक, मन फार जड झाले असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.